लागलेलं पाणी

हिमायतनगरहून सात किलोमीटर आत असलेल्या त्या गावात निवृत्ती जलसुरक्षक होता. म्हणजे टाकीत ब्लिचिंग टाकायचं, नळ सोडायचा, लोकांच्या शिव्या खायच्या आणि अधूनमधून पाण्याची बाटली भरून नांदेडच्या प्रयोगशाळेत पोचवायची. गावचा जुना हातपंप फ्लोराइडमुळं धोक्याच्या लाल रंगानं रंगवलेला होता. पोरांचे दात तपकिरी झाले होते, तरी अर्धं गाव तिथलंच पाणी प्यायचं, कारण जिभेला सवय. मग मार्चमध्ये शाळेमागं नवा बोअर घेतला आणि दीडशे फुटांवर पाणी लागलं.

त्या पाण्याची बाटली घेऊन निवृत्ती एसटीनं निघाला. नांदेडला उतरून बघतो तर बाटली रिकामी. झाकण घट्ट होतं, पिशवीही कोरडी ठणठणीत. सांडलं असेल आणि उन्हानं वाळलं असेल, असं म्हणत त्यानं कपाळावर हात मारला. परत जायचं तर दिवस बुडणार. त्यानं समोरच्या हॉटेलातल्या जारचं पाणी बाटलीत भरलं, चिठ्ठी तीच ठेवली आणि बाटली जमा केली. शेवटी पाणी ते पाणी, असं मनाला समजावून त्यानं भजीही खाल्ली.

अहवाल आला, ‘पिण्यास योग्य’. सरपंच किशनरावांनी तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला आणि गावाच्या ग्रुपवरही टाकला. एरवी सरकारी कागदाकडं ढुंकूनही न बघणारं गाव या कागदावर मात्र भाळलं. लोकांची खात्री पटावी म्हणून निवृत्तीनं पहिली घागर आपल्याच घरी नेली. आठ वर्षांची बुद्धप्रिया दोन पेले गटागटा प्यायली. बायको सुकन्या खूश, कारण तूरडाळ एका शिटीत शिजायला लागली. निवृत्तीला स्वतःला मात्र ते पाणी जाईना. साऱ्या गावाला उपदेश करणारा हा गडी स्वतः चोरून लाल पंपाखाली ओंजळ धरायचा.

पहिली खोट ब्लिचिंगनं दाखवली. नळाच्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. तो येईना. त्यानं पावडर दुप्पट केली, मग चौपट. पाणी तसंच नितळ राहिलं, वाससुद्धा नाही. पावडर जुनी असेल म्हणून त्यानं नवी गोणी फोडली.

बुद्धपौर्णिमेला विहारासमोर भर दुपारी खिरीसाठी दोनशे माणसं जमली होती. ऊन अंग भाजून काढत होतं. निवृत्तीचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. सहज आजूबाजूला पाहिलं, तर एकाच्याही कपाळावर घाम नव्हता. माठ भरलेला होता आणि तिकडं कुणी फिरकत नव्हतं. तेवढ्यात बुद्धप्रिया पळताना पडली, गुडघा फुटला. ती मोठ्यानं रडत त्याच्याकडं आली. त्यानं तिचे डोळे पुसायला रुमाल काढला आणि तो हातात तसाच राहिला, कारण पुसायला काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी वीरण्णाचा फोन आला. बोअर मारणारी गाडी त्याचीच होती.

“पानी लागलं का?”

“लागलं की. तुमीच तर लावलं, दीडशे फुटाला.”

“बोअरला न्हाई म्हनून राहिलो. मानसांला लागलं का?”

बोअरला पाणी लागलं की लोक पेढे वाटतात, माणसाला लागलं की दवाखाना गाठतात. वीरण्णा सांगू लागला, पाणी लागलं त्या दिवशी त्यानं बोअरवर नुसतं तोंड धुतलं होतं. टॉवेल घेईपर्यंत तोंड कोरडं झालं होतं, आणि पुढं महिनाभर त्याला तहान म्हणून लागली नव्हती.

“तुमाला न्हाई लागली,” वीरण्णा हळू आवाजात म्हणाला, “पर त्या पान्याला तहान लागलीय, भाऊ.”

सकाळच्या गाडीनं निवृत्तीनं दोन बाटल्या नेल्या, झाकणांना टेप गुंडाळून. प्रयोगशाळेतल्या लुंबिनीताईंनी त्याच्यासमोरच टेप कापली. दोन्ही बाटल्यांत थेंब नव्हता. मग त्यानं मार्चमधली जारची गोष्ट सांगून टाकली.

त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. “म्हणजे दादा, तुमच्या पाण्याची तपासणी झालेलीच नाही.”

गावात येऊन त्यानं फळ्यावरचा कागद फाडला आणि किशनरावांपुढं सगळं कबूल केलं. किशनराव हसले. अधिकाऱ्याचा शिक्का असलेला कागद खोटा कसा असेल, म्हणाले. शिवाय कागद ग्रुपवर होताच, तो घरोघरी मोबाइलात पोचला होता. निवृत्ती चार दारं फिरला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. सगळ्यांचे ओठ पांढरे, भेगाळलेले होते, तरी आपल्याला काही होतंय असं कुणालाच वाटत नव्हतं.

तीन वाजता तो घरी आला. बुद्धप्रिया फरशीवर झोपली होती.

त्यानं तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. उचललं तेव्हा ते कडक वाळलेलं होतं.

तो तिच्याजवळ बसला. माझ्या पोरीला मी माझ्या हातानं पाजलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. त्याला रडू आवरेना.

एक थेंब तिच्या उघड्या तळहातावर पडला.

ओघळला नाही. आत गेला.

दुसराही गेला.

मग झोपेतच बुद्धप्रियानं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि त्याच्या डोळ्यांखाली धरली.