नातवाच्या नाकातला वाटा

शैलाक्का मगदूमला बासष्टाव्या वर्षी परत वास यायला लागला, तोही नातवाच्या नाकाने.

गडहिंग्लजमध्ये त्या सुमाराला हे काही नवल राहिलं नव्हतं. बाजारात बघावं तर म्हातारी माणसं टुणटुण उड्या मारत चाललेली. कुणाला चपलेतला खडा टोचतोय, कुणाला उपरणं गुदगुल्या करतंय. बापूराव चौगुले टपरीवर चहाचा एक घोट घ्यायचे आणि सांगायचे, आज म्हैस रुसलेली होती. गवळ्याला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणायचा, व्हय. बापूरावांच्या शेजारी त्यांची नात ओजल बसलेली असायची. गप्प. हात मांडीवर.

अशा प्रत्येक म्हाताऱ्याच्या कानामागे ज्वारीच्या दाण्याएवढा मणी चिकटवलेला असायचा आणि त्याचा जोडीदार मणी पोराच्या कानामागे. सरकारी भाषेत त्याला संवेदनविभाजक म्हणत. एवढं लांबलचक कोण म्हणणार? लोक नुसतं 'वाटा' म्हणायचे, आणि वाटा घेणाऱ्याला वाटेकरी.

शैलाक्काचं चटणी कांडपाचं दुकान होतं. उन्हाळा लागला की बायका घरी भाजलेली मिरची, धणे, खोबरं डब्यांतून घेऊन यायच्या आणि लोखंडी मुसळं दिवसभर धडाड धडाड नाचायची. पूर्वी शैलाक्काचं नाक म्हणजे त्या गल्लीतलं कोर्ट. डबा उघडायचा, वाकायचं, निकाल. "धणे कच्चे हाईत. घरी ने, परत भाज." पण इतकी वर्षं तिखटात काढल्यावर नाक थकलं. एका लग्नाचं करपलेलं खोबरं तिने बिनधास्त मुसळाखाली घातलं, वऱ्हाडाने कडू रस्सा खाल्ला, आणि बायका डबे घेऊन पलीकडच्या गल्लीत जायला लागल्या.

घरात नेमकं उलटं दुखणं. नातू शार्व, सहा वर्षांचा, सगळे शार्व्या म्हणायचे, त्याला सगळंच फार व्हायचं. कॉलरमागची चिठ्ठी त्याला चावायची. ट्यूबलाइट कानात गुणगुणायची. सरांच्या केसांच्या तेलाने मळमळायचं. मुसळं सुरू झाली की कान दाबून तो जमिनीवर गडबडा लोळायचा. लोक म्हणायचे, हट्टी आहे, एक ठेवून द्या. त्याची आई प्रणोती त्याला उचलून आत न्यायची.

शेवटी शैलाक्का त्याला घेऊन डॉक्टर नसीमा देसाईंकडे गेली. वाट्याचं केंद्र त्याच चालवायच्या.

"चटणी कुटून झाल्यावर तुम्ही काय करता?" नसीमा मॅडमनी विचारलं.

"चाळायची. पोराचं विचारायला आलीया, तुम्ही मसाला काढलाय."

"मेंदूलाही चाळण असते, शैलाक्का. आत्ता तुमच्या अंगावरची साडी तुम्हाला टोचतेय?"

"न्हाई."

"टोचतेय. पण तुमची चाळण ते वरच्या वर अडवते. याच्या चाळणीची भोकं मोठी आहेत. कपडा, पंखा, वास, उजेड, सगळं एकदम आत पडतं. तो हट्ट करत नाही. त्याच्या डोक्यात बाजार भरलाय आणि त्याला बाहेर पडायची वाट सापडत नाही."

"मग भोकं बारीक करायचं औषध द्या की."

"औषध नाही. ती चाळण वापरून वापरून विणली जाते. पोर घाबरतं, कुणीतरी घट्ट धरतं, मग थांबतं. असं पुन्हा पुन्हा झालं की एक दिवस त्याला स्वतःचं स्वतः थांबता येतं. याला वेळ जास्त लागेल. तोवर जाडंभरडं दुसऱ्याच्या डोक्यात उतरवायचं."

"कुणाच्या?"

"जिथं जागा आहे तिथं. वय झालं की नाक, कान, कातडी मंद होतात. मेंदूतल्या त्यांच्या खोल्या रिकाम्या पडतात."

"म्हणजे माझं डोकं रिकामं."

"भाड्याने द्यायला काढलंय म्हणा." नसीमा मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. "तुमच्या मण्याला हे बारीक चाक आहे. दर महिन्याला एक घर खाली आणायचं. त्याचं त्याला थोडं थोडं परत द्यायचं. विसरू नका, नाहीतर..."

तेवढ्यात बाहेर बाकावर बसवलेला शार्व्या पंख्याला घाबरून किंचाळला आणि ते 'नाहीतर' तिथंच राहिलं.

मणी लावून दोघं दुकानात आली. मुसळं चालू होती. शार्व्याने सवयीने कान दाबले, थांबला, एक हात काढला, मग दुसरा.

"आज्जी, मुसळं लांब गेली," तो म्हणाला.

शैलाक्का धण्याच्या पोत्यावर मटकन बसली होती. तिला दगडफुलाचा वास येत होता. मग लवंगेचा. मग चौथ्या डब्यातल्या खोबऱ्याचा, ज्याची एक कड जरा जास्त भाजली होती.

त्या हंगामात तिच्या नाकाचा बोलबाला निपाणीपर्यंत गेला. ती डबा उघडायच्या आधीच सांगायची. एका बाईला म्हणाली, "मिरची भाजताना नवऱ्याशी भांडलीस काय गं? निम्मी मिरची रागात भाजलीया, निम्मी रडत." ती बाई डबा तिथंच टाकून पळाली, म्हणतात. संकेश्वरी मिरचीचा एक ट्रक पाऊस लागून आलेला होता, तो तिने वेशीवर असतानाच ओळखला. खोटं वाटत असेल तर ट्रकवाल्याला विचारा, तो अजून तिच्या नावाने बोटं मोडतो.

पहिल्या महिन्याला तिने चाक एक घर खाली आणलं. वास जरा विरला. शार्व्या दोन दिवस कुरकुरला, कॉलरची चिठ्ठी ओढत बसला. दुसऱ्या महिन्यात हंगाम ऐन भरात, दारात बायकांची रांग. ती म्हणाली, एवढा हंगाम जाऊ दे. हंगाम गेला, सणवार आले. मग तिने एकदा, नुसतं बघूया म्हणून, चाक एक घर वर केलं.

शार्व्या शांत झाला. आणखी वर, आणखी शांत. शाळेत बाई म्हणाल्या, काय गुणी मुलगा. कुणाचीच तक्रार नव्हती. शांत पोराची तक्रार कोण करतो? फक्त प्रणोती एकदा म्हणाली, सासूला ती आत्या म्हणायची, "आत्या, आज आमटी आंबली होती. ह्यानं सगळी खाल्ली."

"भूक लागली असंल."

"पूर्वी याला दह्याची वाटी बदलली तरी कळायचं."

"पूर्वी काय सुख होतं का? चाललंय ते बरं चाललंय." शैलाक्काने विषय तोडला. पण त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिना. ती डबे हुंगायची, मध्येच उठून घरात डोकवायची, शार्व्या दिसला की परत यायची. परत यायची आणि परत हुंगायची.

दुसरा उन्हाळा आला. ती दुकानात कुणाचे तरी धणे तपासत होती. एकाएकी तिचा उजवा तळवा पेटला. ती ओरडली, हात झाडला, पाण्याच्या बादलीत घातला. आग थांबेना. बायका गोळा झाल्या. तिने तळवा पुढे केला. स्वच्छ. एक डाग नाही.

मग ती धावली. मागच्या पडवीत प्रणोतीने खोबरं भाजायला कढई ठेवली होती आणि उलथणं आणायला आत गेली होती. शार्व्या चुलीपाशी वाकला होता. तोल सांभाळायला उजवा हात कढईच्या काठावर टेकवलेला, आणि डाव्या हाताने एकेक काप उचलून तो खात होता. निवांत.

"आज्जी, खाणार?" तो म्हणाला.

हाताला पट्टी बांधून झाल्यावर नसीमा मॅडमनी शैलाक्काच्या कानामागे बघितलं. चाक अगदी टोकाला होतं.

"वापरलीच नाही तर चाळणीचं काय होतं?" मॅडमनी विचारलं.

"भोकं बुजतात."

"तेच झालंय. त्याच्या वाट्याचं जग तुमच्याकडे गेलं. मेंदूने ठरवलं, या दारावर कुणी येत नाही, दार लावून घ्या."

"परत उघडंल?"

"पोर लहान आहे. उघडेल. पण सगळं एकदम येईल, आणि थांबायचं कसं ते तो शिकलेलाच नाही. त्याला वजन द्या, ठेका द्या, घट्ट धरा. आणि तुमचं नाक जाईल, शैलाक्का. हे आधीच सांगते."

"चाकाला कुलूप का न्हाई घातलं तुम्ही?"

"आम्हाला वाटलं, आजी-आजोबा आहेत. पोराचं भलं त्यांच्यापेक्षा जास्त कोण बघणार."

"बाकीच्यांनी आणलं का खाली?"

"माझ्याकडच्या एकाही वाटेकऱ्याने नाही."

"मग काढून घ्या की सगळ्यांचे."

"कोण देईल? शाळा खूश आहे, आईबापांना झोप मिळतेय. मी बोलावते, ते म्हणतात, पोर गुणी झालंय, बोलवताय कशाला?" मॅडमनी आपल्या मोबाइलकडे पाहिलं. "माझी आईसुद्धा वाटेकरी आहे. माझ्याच मुलाची. परवा मला म्हणाली, किती वर्षांनी मोगऱ्याचा वास आला गं. मी तिला काय सांगू?"

शैलाक्काने तिथंच मणी काढला. दवाखान्याचा फिनेलचा वास दिवा विझल्यासारखा गेला.

पुढचे आठवडे घरात कुणाचाच पाय एका जागी ठरला नाही. शार्व्याचा भाजलेला तळवा आता त्याचा त्याला दुखायला लागला. तो शर्ट फाडायचा, पाणी वाजलं तरी भिंतीला जाऊन चिकटायचा, आजीला गुद्दे मारायचा आणि परत तिलाच धरायचा. ती त्याच्यावर जाड वाकळ टाकायची, वरून दाबून बसायची आणि पाठीवर मुसळाच्या ठेक्याने थापट्या द्यायची. धडाड, धडाड, हळू हळू. कधी थांबायचं, कधी नाही. ती त्याला धण्याचं पोतं ढकलायला लावायची. पोतं हलायचं नाही, पण ढकलून दमला की त्याचा श्वास खाली बसायचा. एकदा प्रेशर कुकरची शिट्टी झाली आणि तो कान दाबून पळाला. दोघी मागून धावल्या. तो पोत्याला डोकं लावून ढकलत उभा होता. कुणी सांगितलं नव्हतं.

"आत्या, गप्प ऱ्हावा," प्रणोती कुजबुजली. "त्याचं त्याला जमतंय."

काढलेला मणी शैलाक्काच्या कनवटीला होता. परत द्यायचा राहिला, असं ती म्हणायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात तिने दुकान उघडलं. आता डब्यावर वाकून उपयोग नव्हता, पण जुनी गिऱ्हाइकं आली. बरोबर नातवंडं. सुट्टी होती. पोरं पायरीवर ओळीने बसली, हात मांडीवर. मुसळं सुरू झाली आणि तिखटाचा लाल धुरळा दारातून रस्त्यावर गेला. वाटेकऱ्यांची चंगळ झाली. "अहाहा, काय झोंबतंय," म्हणत म्हाताऱ्या शिंकत होत्या. बापूरावांनी अशी शिंक दिली की पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले.

शार्व्या एकटाच खोकत, नाक पुसत, कान दाबून पोत्याकडे पळाला.

"शैलाक्का," एक बाई हळहळली, "तुमचं पोरगं अजून तसंच का हो? आमचं बघा."

शैलाक्काने ओळीकडे पाहिलं. तिचा हात कनवटीला गेला, मणी चाचपला, सुटला, परत गेला.

शार्व्या पोतं ढकलून परत आला. श्वास अजून वरखाली होत होता. तो बापूरावांच्या ओजलसमोर उभा राहिला. तिचे डोळे लालभडक झाले होते, गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि ती ते पुसत नव्हती.

"तुला झोंबत नाही?" त्याने विचारलं.

ओजल त्याच्याकडे बघून गोड हसली.

"काय?" ती म्हणाली.

मागे बापूराव पुन्हा शिंकले.