चाकं नसलेलं खोकं

सभा सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती आणि लिफ्टवाली अजून शाळेच्या जिन्यातच होती. लिफ्ट दुरुस्त करणं हे तिचं काम, आणि सकाळी एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. ती सोडवून ती तशीच निघाली होती, कामाचा निळा पोशाख, कोपरापर्यंत ग्रीस, केसांत खोवलेली पेन्सिल. खरं तर ही सभा तिच्या ताईची. पण ताईची नर्सची ड्युटी बदलली आणि फोनवर हुकूम आला, "भिंगरीची मावशी म्हणून तू जा. नुसती बसून ये. तोंड उघडू नकोस."

वर्गात सगळे पालक पहिलीच्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर अंग चोरून बसले होते. एकच खुर्ची रिकामी होती. तिच्या शेजारी एक पुरुष, इतका उंच की गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकलेले.

"इथे कोणी आहे?" तिने हळूच विचारलं.

"माझे पाय आहेत," तो म्हणाला. "पण ते हलवता येतात."

ती बसली. खुर्ची करकरली. आख्ख्या वर्गाने मागे वळून पाहिलं.

"लाजू नका," तो कुजबुजला. "माझी दोनदा करकरलीय. आता सवय झाली... तिला."

तिने ओठ घट्ट मिटले, पण हसू डोळ्यांतून सांडलंच.

समोर टेबलावर मुख्याध्यापिका बाईंनी दोन खोकी मांडली होती. शाळेच्या खेळघरासाठी बांधकामाचे ठोकळे घ्यायचे होते. निळ्या खोक्यावर क्रेन, पूल, ट्रक. गुलाबी खोक्यावर चंदेरी अक्षरांत 'खास मुलींसाठी', आणि चित्रात एक ब्यूटी पार्लर, एक स्वयंपाकघर, फुलांची बाल्कनी.

"माझ्या मुलीला गुलाबीच आवडतो, त्याला मी काय करू?" एक आई म्हणाली. "तिच्या आवडीवर बंदी घालू?"

"पण ती आवड आली कुठून?" दुसरी तावातावाने म्हणाली. "दुकानात आपणच तिला त्या रांगेत नेतो ना!"

"अहो, ठोकळे ते ठोकळे," मागून एक वडील जांभई देत म्हणाले. "रंगावरून एवढं रान कशाला उठवायचं?"

तेवढ्यात शेजारचा उंच माणूस उभा राहिला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. "माझी मुलगी निळ्या खोक्याजवळ जातच नाही," तो शांतपणे म्हणाला. "तिथे मुलगे असतात, ढकलाढकली असते. हे खोकं तिला आपलं वाटेल. निदान हात तरी लावेल. माझं मत गुलाबीला."

लिफ्टवालीने ताईचा हुकूम जेमतेम पाच मिनिटं पाळला होता. ती उठली, टेबलापाशी गेली आणि गुलाबी खोकं सरळ पालथं केलं.

"यात चाकं कुठे आहेत?"

सगळे बघतच राहिले.

"एक चाक नाही, एक कप्पी नाही. भिंती आयत्या. मुलींनी फक्त पडदे लावायचे! लहानपणी दादाचे ठोकळे मी पलंगाखाली लपून खेळायचे, कारण ते 'मुलांचे' होते. आता मुलींना वेगळे मिळतायत, पण आत बांधायला काहीच नाही."

इथेच ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण गाडी सुटली होती. ती चष्मेवाल्याकडे वळली. "बाबा लोकांना हे सोपं पडतं. दुकानात गुलाबी दिसलं की उचलायचं. मुलीच्या मनात काय आहे ते विचारायला वेळ कोणाला असतो?"

चष्मेवाला खाली बसला आणि या वेळी त्याची खुर्चीसुद्धा करकरली नाही.

टेबलाजवळ बसलेल्या एका आईने तिची बाही ओढली. "अहो... त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. पोरीचं सगळं तेच करतात. वेण्यासुद्धा."

लिफ्टवालीला कुठे तोंड लपवावं कळेना.

मुख्याध्यापिका बाई मात्र मुरलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोन्ही खोकी महिनाभर ठेवू. तुम्ही दोघं दर शनिवारी सकाळी येऊन बसा. मुलं काय करतात ते लिहा. ढवळाढवळ नको. आणि भांडायचं असेल तर हळू आवाजात."

पहिल्या शनिवारी ती त्याच्याआधी येऊन बसली होती.

"त्या दिवशी मी... जे बोलले ते फार वाईट होतं," तो आल्या आल्या ती म्हणाली. "चूक झाली."

"हो, झाली," तो म्हणाला. मग वहीत काहीतरी लिहू लागला.

"काय लिहिताय?"

"'सकाळी दहा. लिफ्टवाल्या मावशींनी माफी मागितली. ढवळाढवळ केली नाही.'"

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याच्या गालाला हलकीशी खळी पडली होती. छे... हिला अशा खळ्या बघायला वेळ कुठे होता!

त्याची मुलगी, पिटुकली, गुलाबी खोक्यापाशी गेली खरी. भिंगरी आणि आणखी दोघी तिच्याबरोबर. दहा मिनिटांत पार्लर उभं राहिलं, पडदे लागले... आणि खेळ संपला. चौघी हातांवर हनुवटी टेकून निळ्या कोपऱ्याकडे बघत बसल्या.

चष्मेवाल्याने हे बराच वेळ पाहिलं. "चाकं नाहीत," तो हळूच म्हणाला.

"पण हात लावला," ती तितक्याच हळू म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात तसा."

दुसऱ्या शनिवारी भिंगरीने निळ्या कोपऱ्यावर धाड घातली आणि मूठभर चाकं पळवली. आरडाओरडा झाला. शेवटी एका मुलाने अट घातली, चाकं घ्या, पण तो गुलाबी सोफा आम्हाला द्या, ट्रक ड्रायव्हरला बसायला पाहिजे. सौदा पटला. मग कुठलं खोकं कोणाचं, हे कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. पिटुकलीने सात मजली पार्लर बांधलं आणि बुटाची नाडी वरच्या चाकावरून घेऊन त्यात लिफ्ट सोडली. लिफ्ट काही वर जाईना. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ लिफ्टवालीपुढे येऊन उभी राहिली.

"मावशी, तुमची कशी जाते वर?"

ढवळाढवळ नको असं ठरलं होतं, पण दुसऱ्याच क्षणी लिफ्टवाली फरशीवर पालथी पडली होती. "हे बघ, पलीकडे वजन बांधायचं. ते खाली आलं की ही वर." पिटुकलीने नाडीच्या टोकाला फुलांची अख्खी बाल्कनी बांधली. लिफ्ट सर्रकन वर गेली. पोरगी अशी किंचाळली की शेजारच्या वर्गातून बाई धावत आल्या.

लिफ्टवाली उठली तेव्हा चष्मेवाल्याची वही कोरीच होती.

"काहीच लिहिलं नाहीत?"

"बघत होतो."

"काय?"

"तेच... लिहिता येईना," तो म्हणाला आणि उगीचच पेन झटकू लागला. मग म्हणाला, "तुम्हाला चष्मा लागलाय, माहितीये? फळा वाचताना डोळे बारीक करता."

"मला? माझी नजर घारीची आहे!"

"मग घारीला दुकानात घेऊन या."

ती बुधवारी गेली. त्याने तिला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड चौकट तिच्या नाकावर ठेवली, कानामागची तिची बट अलगद बाजूला केली. भिंगं बदलत राहिला. "हे बरं की... हे?"

"हे."

"आता स्पष्ट दिसतंय?"

तो वाकून समोरच उभा होता. कपाळावरची बारीक आठी, डोळ्यांखालचा थकवा, आणि ती खळी.

"जरा... जास्तच," ती म्हणाली.

त्याच्या हातातलं भिंग खाली पडलं. नशीब, फुटलं नाही.

महिनाअखेरीच्या सभेत दोघांनी मिळून एकच कागद वाचला. दोन्ही खोकी फेकून द्या आणि सगळे ठोकळे एका मोठ्या पेटीत ओता. पेटीवर चित्र नको, नाव नको. "आणि गुलाबी ठोकळे टाकू नका," लिफ्टवालीने स्वतःहून सांगितलं. "मला आधी ते टाकायचे होते. पण पोरींना ते हवेत. मुलग्यांनाही." बहुतेक हात वर झाले. जांभई देणाऱ्या वडिलांनी दोन्ही हात वर केले.

सगळे पांगले. फाटकापाशी दोघं घुटमळले. आता शनिवार नव्हते...

"बरं मग," तो म्हणाला.

"बरं मग," ती म्हणाली. आणि दोघं दोन दिशांना गेले.

चार दिवस लिफ्टवालीचं कशात लक्ष लागेना. ती स्वतःला समजावत राहिली. आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाने एकच विचारलं होतं, लग्नानंतर हे काम सोडाल ना? हाही विचारेल. त्यापेक्षा नकोच.

पाचव्या दिवशी दुपारी ती एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत काम करत होती. लिफ्ट बंद होती. जिन्यात पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दारात चष्मेवाला, हातात ताईने लिहून दिलेला पत्ता. चेहरा लालबुंद, शर्ट घामाने भिजलेला.

"नऊ मजले चढलात?"

त्याने मान हलवली. बोलायला श्वासच नव्हता. तिने बाटली पुढे केली. तो घटाघटा प्यायला.

"मला... तुम्ही आवडता," तो म्हणाला. "खालून पाठ करून आलो होतो, पाचव्या मजल्यावर सगळं विसरलो. एवढंच उरलं. मी एकटा नाही, पिटुकली आहे. घाई करू नका. पण शनिवार गेले, आणि मला... करमत नाही."

तिने ग्रीसच्या हातातला पाना घट्ट धरला. "मी हे काम सोडणार नाही. आधीच सांगते."

"सोडा कशाला? उलट लवकर आटपा. मला पुन्हा जिन्याने उतरायचं नाही."

ती इतकी हसली की तिच्या हातून पाना निसटला. दोघं एकदमच तो उचलायला वाकले. त्याने पाना उचलला, पण त्यासोबत हाती आलेला तिचा हात सोडला नाही. त्याच्या पांढऱ्या बाहीवर तिच्या दुसऱ्या हाताची पाचही बोटं काळीकुट्ट उमटली.

"शर्ट गेला तुमचा," ती पुटपुटली.

"जाऊ दे."

"पिटुकली काय म्हणेल?"

"माहीत नाही. तिला विचारायचंय. तिच्या मनात काय आहे ते... विचारायला मला वेळ आहे."

तिने मान खाली घातली, मग वर पाहिलं. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडत होतं, लिफ्ट कधी सुरू होणार?

"अर्धा तास!" ती जिन्यात ओरडली. मग त्याच्याकडे वळून, हळूच, "थांबशील ना?"


"थांबतो," तो म्हणाला. "तू कर तुझं काम."