वर फेकलेला गोळा

आमच्या कामगारांच्या खोलीतले मुस्तफाचाचा ही गोष्ट नव्या पोरांना सांगतात तेव्हा "माझ्या ओळखीचा एक होता," अशी सुरुवात करतात. तो ओळखीचा म्हणजे मी, यासिर. चाचा माझं नाव घेत नाहीत. म्हणून मीच लिहितो.

कुवेतच्या वाळवंटात एका अभयारण्याच्या ऑफिसजवळ पहारेकऱ्यांचं जुनं मातीचं घर आहे. ते होतं तसं परत उभं करायचं काम माझ्या भावाकडे होतं. साबीरभाई वर परांचीवर, मी खाली. मी माती-भुसा कालवून गोळा वर फेकायचा. तो झेलायचा, दोनदा थापटायचा आणि भिंतीत बसवायचा. गोळा कमी पडला की ओरडायचा, "काय रे, जेवलास नाय काय?"

वरच्या कोपऱ्यात एका गोळ्याची जागा उरली होती, तेव्हा तो झोपेतच गेला. मयत विमानाने मुंबईला आणि तिथून रत्नागिरीला, आमच्या गावी गेली. मला सुट्टी मिळाली नाही. सगळ्या गावाने त्याला माती दिली. सख्ख्या भावाने नाही.

नोव्हेंबरातला गुरुवार होता. शनिवारी सकाळी नवा गवंडी येणार म्हणून माती भिजवून ठेवली होती. रात्रीची, इशाची नमाज झाल्यावर चाचा म्हणाले, "ढग आलेत. मातीवर ताडपत्री टाकून ये."

"तुम्ही पण चला ना."

"मग माझे गुडघे तूच उचलून ने. जा."

गेलो. परांची दुसऱ्या कामावर नेली होती. बॅटरीच्या उजेडात तो रिकामा कोपरा दिसला... मला राहवलं नाही. ताडपत्री टाकली बाजूला. दोन्ही हातांनी गोळा केला.

"भाई, घे," मी म्हटलं. "माझी माती राहिली होती."

फेकला.

तो खाली आला नाही.

मी थांबलो. वारा नव्हता. कुत्रं नव्हतं. काही नव्हतं...

वर थापटल्याचा आवाज आला.

...आणि पुन्हा एकदा.

"भाई?"

...

"भाई, जेवलोय रे मी आज. बोल ना."

...

चाचा शोधत आले तेव्हा मी तिथेच मातीत बसलो होतो. त्यांनी बॅटरी वर धरली. कोपरा भरलेला होता. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर पूर्ण उन्हाळा गेला. भिंत वाळून दगड झाली आहे.

तो एक गोळा अजून ओला आहे.