दुकानाच्या दारातले डबे

“नाकावर घे.”

हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. हाय नाही, हॅलो नाही. सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या मेन स्ट्रीटवर पद्माकरकाकांचं ग्रोसरीचं दुकान आहे, त्याच्या दारात स्टुलावर बसलेला एक लांबडा मुलगा. तोंडावर निळा मास्क, हातात सॅनिटायझरची बाटली पिस्तुलासारखी धरलेली.

“काय?”

“मास्क. नाकावर घे. आणि दारावरचा कोड स्कॅन करून चेक-इन कर.”

“फोन बिझी आहे.”

“फोन तर तुझ्या हातात आहे की.”

“हातात आहे, पण बिझी आहे!”

इतक्या जोरात ओरडले की लाइनीतल्या दोन आंट्या अंतरासाठी आखलेल्या आपापल्या गोलातून मागे सरकल्या. पण खरंच बिझी होता. सकाळपासून मी एकच स्क्रीन खाली ओढत होते, सोडत होते... ओढत होते, सोडत होते. दर वेळी तेच यायचं — तुमचं अकाउंट तपासणीसाठी बंद केलं आहे.

त्याने माझ्याकडे बघितलं. चेहरा म्हणजे काय, दोन डोळे आणि दोन भुवया, त्यातल्या उजव्या भुवईत एक बारीक चीर. मग एक कागद पुढे केला. “बरं, यावर लिही. नाव?”

“सुखदा.”

“सुखदा?” भुवई वर गेली. “आल्यापासून तर नुसता त्रासच देतेयस.”

दुसरा दिवस असता तर मी त्याला तिथेच धुतला असता. त्या दिवशी माझ्यात जीवच नव्हता. फ्रोझन खोबऱ्याची पाकिटं घेतली, बाहेर आले आणि दुधाच्या उलट्या क्रेटवर बसले. शेजारच्या कुंपणावरून जॅस्मिनचा वास येत होता. इतका गोड की राग यावा.

“रडतेयस?” मागून आवाज.

“मास्कमध्ये घाम येतो.”

“डोळ्यातून?”

मग मी त्याला सांगून टाकलं. का, कोण जाणे! आईला अजून सांगितलं नव्हतं, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता.

आई आधी एका फंक्शन हॉलच्या किचनमध्ये होती. लॉकडाउन लागला आणि हॉल बंद. बाबा पर्थजवळच्या खाणीत, राज्यांच्या बॉर्डर बंद, येणार कसे? मी इयर इलेव्हनमध्येच, म्हणजे अकरावीतच, शाळा सोडलेली, आता एकोणीस पूर्ण, कामधंदा नाही. तर मीच आईला म्हटलं, तू कर, मी विकते. पेज काढलं. आईच्या मोदकाचे फोटो टाकले, पाकळ्या अशा की बघणाऱ्याने स्क्रीन चाटावी. गणपतीसाठी ऑर्डरवर ऑर्डर! आणि मग मंगळवारी मी हुशारी केली. तीच पोस्ट हॅरिस पार्क, क्वेकर्स हिल, मिळेल त्या ग्रुपमध्ये एका दमात चिकटवली. मशीनला वाटलं मी पण मशीनच. केलं बंद.

“शुक्रवारी गणपती,” मी म्हणाले. “आज बुधवार. तीसेक घरं आमच्या भरवशावर बसलीयत. कोण, कुठली, कुणाला किती मोदक... सगळं इनबॉक्समध्ये.”

“नंबर नाहीत कुणाचे?”

“नाहीत.”

“लिहून नाही ठेवलंस कुठे?”

“तू माझा प्रिन्सिपल आहेस का?”

“नाही गं. सलिल. सांगलीचा. युनीत आयटी शिकतो. म्हणजे खोलीत बसून शिकतो, हल्ली. आईला सांग पण. आजच.”

सांगितलं. आईने तांदळाची पिठी चाळता चाळता ऐकलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त चाळणी खाली ठेवली.

“सुखू, लोकांच्या घरचा नैवेद्य आहे तो,” ती म्हणाली. “वाढदिवसाचा केक नाही, उद्या चालेल म्हणायला.”

आणि एकदम उठून गॅरेजमध्ये गेली. तिथे डबे होते! आई प्लॅस्टिकमध्ये मोदक देत नाही, मोदकाला घाम सुटतो म्हणते. त्यामुळे ज्याने त्याने आपला स्टीलचा डबा आधीच आमच्या गॅरेजच्या शेल्फवर ठेवून जायचा. कॉन्टॅक्टलेस. कुणी बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही. माझीच आयडिया.

“नावं असतील ना डब्यांवर!” मी एक उलटा केला.

नावं होती. कोरलेली. “चि. सौ. कां. रेखा हिस मावशीकडून, १९८६.” दुसऱ्यावर “कै. गंगूबाई यांचे स्मरणार्थ.” तिसऱ्यावर नुसतं “ग. वि. लेले, मिरज.” लग्नातले, मुंजीतले, बाराव्याला वाटलेले डबे बॅगेत घालून सिडनीला आलेले! ज्यांची नावं त्यांवर होती त्यातले निम्मे तरी वर जाऊन बसले असणार, ऑर्डर कुठून देतायत?

आई खाली फरशीवर बसली. “गंगूबाईंना कुठे शोधू गं मी?” म्हणाली आणि हसायला लागली. मग हसता हसता थांबली. ते थांबणं मला सहन झालं नाही.

मी धावत दुकानावर. दुपार संपत आलेली, पाऊस भुरभुरत होता. सलिल स्टूल आत घेत होता.

“डबे आहेत,” मी धापा टाकत म्हणाले. “पण डबे कुणाचे ते माहीत नाही.”

मास्कच्या वर त्याचे डोळे बारीक झाले. मग एकदम मोठे.

“दूर्वा, नारळ, सुपारी कुठून घेतात सगळे?”

“इथून.”

“आणि उद्या या दारात लाइनीत उभं राहिल्याशिवाय कुणाचा तरी गणपती होणार आहे का? तू डबे आण. ज्याचा त्याला ओळखू दे की.”

“पद्माकरकाका ओरडतील.”

“ओरडू देत. ते ओरडतात आणि मग टेबल देतात.”

तसंच झालं. गुरुवारी सकाळी काकांची ट्रॉली घेऊन तो आमच्या गल्लीत हजर. डब्यांचा असा खणखणाट की शेजारची आजी पडद्याआडून बघायला लागली. पार्कपाशी आलो आणि झाडावरून मॅगपाय पक्षी सुटला, सरळ माझ्या डोक्यावर! पिल्लं जपायला सप्टेंबरमध्ये ते वेडेच होतात. मी किंचाळायच्या आत माझ्या डोक्यावर ‘कै. गंगूबाई यांचे स्मरणार्थ’चं झाकण होतं.

“चालत राहा,” सलिल म्हणाला. एका हाताने ट्रॉली, दुसऱ्या हाताने माझ्यावर झाकण. स्वतःचं डोकं उघडंच. “बघू नको त्याच्याकडे.”

मी मॅगपायकडे बघतच नव्हते...

दुकानाच्या दारात टेबल लागलं, त्यावर डबे. पहिला तास कुणी थांबेचना. लोक चेक-इन करायचे, आत जायचे, पिशव्या भरून निघून जायचे. जे लोक फोनमध्ये मोदकाचे फोटो बघून हार्ट टाकतात, ते समोरच्या डब्याकडे ढुंकून बघत नव्हते.

“तू अशी डोळे वटारून उभी राहिलीस तर कोण येणार?” सलिल पुटपुटला. मग त्याने घसा साफ केला आणि बाजारात ओरडतात तसा ओरडला, “मोदकांची ऑर्डर दिलीय का कुणी? पेज बंद पडलंय! डबा ओळखा, मोदक मिळवा! रेखाताई, मावशीकडून, एकोणीसशे शहाऐंशी!”

मी लाजेने मेले. आणि लाइनीतून एक बाई पिशवी टाकून पुढे आली.

“अगंबाई! सासूबाईंचा डबा! हा इथे काय करतोय?”

ती लीनाताई. तिने डबा छातीशी धरला, मग लगेच चिडली. “अहो, पेज गायब, काल रात्रभर मला झोप नाही! म्हटलं फसवलं की काय!”

“सॉरी,” मी म्हणाले. माझ्या तोंडून हा शब्द सहसा निघत नाही. “किती सांगितले होते?”

“एकवीस. आणि हे बघ, माझा नंबर घे. फोनवाला.”

तिने लाइनीतच दोघींना फोन लावले, त्यांनी आणखी चौघींना. दुपारपर्यंत कुणी व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला डबा दाखवतंय, कुणी बुडाला पोचा कुठे आहे ते सांगून हक्क सिद्ध करतंय. काका आतून ओरडत होते, “अरे, अंतर ठेवा!” आणि स्वतःच बाहेर येऊन बघत होते.

संध्याकाळी मालक न सापडलेला एकच डबा उरला. गंगूबाईंचा.

शुक्रवारी पहाटे आईने त्याच्यासाठीही मोदक केले. “कुणीतरी विश्वासाने ठेवून गेलंय ना,” म्हणाली, “मग रिकामा कसा ठेवू?” बाकीचे सगळे येऊन घेऊन गेले. तो मात्र केळीच्या पानाखाली वाफ सोडत बसला. मी बारा वाजेपर्यंत गॅरेजच्या दारात उभी होते. एक वाजला. कुणी आलं नाही. पेजही उघडलं नाही. कुठल्या तरी घरी आज गणपतीपुढे चमचाभर साखर ठेवली असेल, आणि पेज गायब बघून कुणीतरी आमच्या नावाने बोटं मोडत असेल. ते बरोबरच आहे. कुठे आहे ते घर, तेच माहीत नाही.

आरती झाली. आईने एका ताटलीत मोदक काढले, तूप घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या झाकणवाल्याला देऊन ये.”

सलिल दुकानामागे क्रेटवर बसला होता. ताटली बघून त्याने आधी हातांना सॅनिटायझर लावलं.

“घरी आत्ता आरती चालली असेल,” म्हणाला. “मागच्या वर्षीपण चुकली.”

आणि खायला त्याने मास्क काढला.

मी त्याचं नाक पहिल्यांदा बघितलं. हनुवटी. ओठाच्या कडेला सांडलेलं तूप. दोन दिवस ज्याच्याशी भांडले त्याचा चेहरा... असा होता होय!

“काय बघतेस?”

“नाकावर घे,” मी म्हणाले.

तो हसला. आता हसणं पूर्ण दिसत होतं, माझी पंचाईत. “आयडी काय तुझा? फॉलो करतो.”

“आयडीचं नाव काढू नको. आज आहे, उद्या नाही. नंबर सांगते, पाठ कर.”

तो डोळे मिटून एकेक आकडा माझ्यामागे म्हणत गेला. शेवटच्या आकड्याआधी मी ताटली उचलली.

“आणि शेवटचा?”

“उद्या विचार.”

घरी आले तर पाय जमिनीवर नव्हते. पण उद्या आलाच नाही तर? दुकान बंद झालं तर? हल्ली काय, काहीही बंद होतं. दिला असता शेवटचा आकडा तर काय बिघडलं असतं, मूर्ख!

दिवेलागणीला फोन वाजला. अनोळखी नंबर.

“लागला एकदाचा!” सलिल. “शेवटी शून्य लावून सुरू केलं. सहा राँग नंबरांना गणपतीच्या शुभेच्छा देऊन झाल्या. एक ग्रीक आजोबा तर फोन ठेवायलाच तयार नव्हते.”

“उद्या सांगणार होते ना मी!”

“उद्यापर्यंत... नाही थांबवलं. आवडतेस तू मला, सुखदा. ओरडतेस तेव्हा पण.”

मी फोन कानाला घट्ट लावून उभी राहिले, जसा काही तोही कुणीतरी बंद करणार होतं.

“कोण आहे गं?” आईने किचनमधून विचारलं.

“ऑ... ऑर्डर आहे, आई.”

“कधीची?”

पलीकडे तो ऐकत होता. त्याचा श्वास मला ऐकू आला, मग हळू आवाज.

“सांग की त्यांना,” तो म्हणाला, “रोजची.”