सहाचे दोन

काम अगदी साधं होतं. आमच्या ऑफिसात सिनेमे चालवायचं सॉफ्टवेअर बनतं. सिनेमाचा आवाज सहा स्पीकरांसाठी केलेला असतो, हेडफोनला मात्र दोनच बाजू. सहाचे दोन करताना काही गळत तर नाही ना, ते कान देऊन तपासायचं. ती माझी नोकरी.

त्या दुपारी चाचणीसाठी नवी फाइल आली. एका म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टनं घरी सहा माइक मांडून केलेली. तो वारला होता. शेवटचं काम वाया जाऊ नये म्हणून त्याच्या बहिणीनं ती आम्हाला पाठवली होती.

स्पीकरांवर ती स्वच्छ वाजली. "पुढे डावा... पुढे उजवा... मधला... मागे डावा... मागे उजवा." सहावा स्पीकर नुसत्या खर्जाचा, त्याला बोलणं नसतं. त्या म्हाताऱ्याचाच प्रेमळ, खणखणीत आवाज. पुढे नुसती शांतता.

मी हेडफोन चढवला, सहाचे दोन केले. नावं बरोबर आली. शांतता किती लांब आहे ते बघायला पडद्यावरची पट्टी पार शेवटाकडे ओढली, आणि...

मचमच. ओली, चिकट. एका तोंडाची नव्हे. हजारो बारीक तोंडं काहीतरी मऊ खात असावीत तशी. डाव्या कानाकडून उजवीकडे, माझ्या डोक्याच्या मधून सरकणारी.

प्रोग्रामरला हाक मारली. त्याला आम्ही सगळे बुवा म्हणतो.

"सहा बारीक आवाज एकत्र आले की मोठे होतात गं," म्हणत त्यानं हेडफोन लावला. मग त्याचा चेहरा उतरत गेला. "यात... कुणीतरी बोलतंय."

मी एक बाजू कानाला लावली. त्या चिखलातून, तोंड भरलेलं असावं तसा, तोच आवाज.

"मागे उजवा... आणि आत."

बुवानं हेडफोन भिरकावला. हेडफोनच्या गाद्या भिजल्या होत्या. बोट लावलं तर चिकट तार सुटली. सडक्या मांसाचा गोडसर वास खोलीभर पसरला, आणि बुवा कचऱ्याच्या डब्यावर वाकला.

मी त्या बहिणीला फोन लावला.

"दादा माइक सुरू करून टेबलाशीच गेला हो. नवव्या दिवशी दार फोडलं. माइक चालूच होते. अळ्या पडल्या होत्या... तोंडात, कानात..."

मी फाइलवरची वेळ पाहिली. ते बोलणं आठव्या दिवसाचं होतं.

बुवानं फाइल पुसून टाकली. हेडफोन मी पिशवीत गुंडाळून फेकला. घरी जाऊन कान लाल होईतो धुतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"बोलताना काय खातेस गं? केवढी ती मचमच!"

"आई, मी काही खात नाहीये."

"बरं. आणि शेजारी कोण बसलंय?"

घरात मी एकटीच होते. "कुणी नाही."

"कुणी नाही काय? किती अदबीनं विचारतायत..." आणि मग ती माझ्याशी बोलायचीच थांबली. "हो... हो ना, एकटीच राहते ती... नाही, दाराला कडी नसते लावलेली... बरं, सांगते हं तिला."

मी फोन कापला.

काय सांगायचं होतं, ते आईनं अजून सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही.