पाव वळसा

सालिनास गावच्या धक्क्यावर यारेलिस पाण्यातून वर येत होती, तेवढ्यात मागे कुणाची तरी जेट स्की बोंबलायला लागली. पाण्यावर उभ्याने चालवायची, निळी, देखणी. इंजिन आभाळ डोक्यावर घेतंय आणि स्की मात्र गोगलगाय!

"कार्ब्युरेटर असेल ना?" स्कीवरच्या ओल्याचिंब पोराने विचारलं.

"कार्ब्युरेटर कसला? पंप!" स्की वाळूवर आडवी करून ती गुडघ्यांवर बसली. "हा आतला पंखा बघ. खडा गिळलाय त्याने. पाती बोथट झाली, भोवतीचं कडं ओरबाडलं. पाणी मागे ढकललं जाण्याऐवजी कडेने निसटतंय."

"पंखा...?" तो तिच्याकडेच बघत म्हणाला. पंखा तिकडे होता.

त्याचं नाव नेफ्ताली. स्की यारेलिसच्या वडिलांच्या गॅरेजात आली आणि मागोमाग तोही रोज येऊ लागला. स्टुलावर बसायचा, विचारायचा – हे काय? ते कशाला? यारेलिस सांगत राहायची. इतकं मन लावून तिचं कुणी ऐकलंच नव्हतं.

"पोरी, गिऱ्हाइकाचं डोकं खाऊ नकोस," पपा आतून ओरडायचे.

नवं कडं आलं, पंखा बसला. पण पंखा फिरवणारा दांडा, शाफ्ट, काही सरळ बसेना. स्कीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून ती झटत होती... आणि न मागताच तिच्या दुसऱ्या तळहातावर एक पातळ पत्रा आला. शाफ्ट सरळ रेषेत यावा म्हणून इंजिनाखाली सारायचा. नेमका हव्या त्याच जाडीचा.

तिने मान वर केली. त्याचा चेहरा पडला होता.

"तुला कसं कळलं?"

"अं... अंदाजाने..."

"नेफ्ताली!"

"पलीकडच्या अरोयो गावात माझं गॅरेज आहे."

"ते नवं? आमची निम्मी गिऱ्हाइकं पळवणारं? आणि आता आमची विद्या चोरायला आलास?"

"नाही गं! धक्क्यावर सांगणारच होतो. पण तू बोलायला लागलीस... वाटलं, हिने थांबूच नये. मग रोज – उद्या सांगू, उद्या सांगू..."

चिडावं की लाजावं? तिला काही सुधरेना.

"मग इतक्या दिवसांत माझी एकही चूक दिसली नाही?" तिने फणकाऱ्याने विचारलं.

"एकच... कार्ब्युरेटरचा मंद गतीचा स्क्रू. पाव वळसा जास्त उघडा ठेवतेस."

"असं? मग आवळ. आणि जा पाण्यात!"

पत्रा सारून शाफ्ट बसला, स्क्रू आवळला आणि तो गॅरेजामागच्या खाडीत गेला. तिवरांच्या पलीकडे इंजिन खोकलं, गचके खाल्ले आणि गप्प झालं. ती खो खो हसली. तेवढ्यात खाडीवर सर आली. पांढरा पडदा... स्की दिसेना, तो दिसेना.

हसू कुठल्या कुठे गेलं. बुटांसकट ती छातीभर पाण्यात शिरली. "नेफ्ताली!"

पावसातून आधी निळं टोक आलं, मागून स्की ढकलत पोहणारा तो.

"तुझंच... बरोबर होतं," तो धापा टाकत म्हणाला.

"मूर्खा! दिसत नव्हतास मला!" ती रडवेल्या आवाजात ओरडली. आपण रडतोय का? कशासाठी? एका चोरासाठी?

"यारेलिस... मला तू आवडतेस. एवढं मात्र पहिल्यापासून खरं होतं."

स्कीच्या मुठीवरच्या त्याच्या हातावर तिचा हात होता – तो कधी ठेवला, तिलाही आठवेना.

"पपांना तूच सांगायचं," शेवटी ती म्हणाली.

"काय? गॅरेजचं, की...?"

"दोन्ही. आधी गॅरेजचं. मग ते हातातला पान्हा खाली ठेवेपर्यंत थांब... आणि मग दुसरं."