भोक पाडलेली पानं

“आणखी किती पानं खुडायची?” भोंगा वाफ्याकडेला फतकल मारून ओरडला. “बोटं गेली कामातून!”

“आणि याला म्हणे सुट्टी!” त्याच्या मामेभावाने, लंबूने, टोपली आपटली.

भोंग्याची थोरली बहीण चष्मिस खुडतच होती. तिची मान भरून आली होती. मावशी-काकांच्या रोपवाटिकेत आल्यापासून तिघं गुलाबाची काळे ठिपके पडलेली पानं खुडत होती. तरी रोज नवे ठिपके हजर! “आता थांबलं नाही, तर सगळे गुलाब उपटून जाळायचे,” मावशी सकाळीच म्हणाली होती. म्हणताना तिने झाडांकडे पाहिलंही नव्हतं.

चष्मिसने घरून आणलेला साधा सूक्ष्मदर्शक खिडकीत मांडला. पानावरचा ठिपका थेंबभर पाण्यात खरवडून भिंगाखाली धरला.

“बघा! भुईमुगाच्या शेंगांसारखं काहीतरी, मध्ये बारीक! हे बुरशीचं बी.”

“मला माझीच पापणी दिसतेय!” भोंगा म्हणाला.

मग तिने चांगल्या वाफ्यात पडलेलं एक वाळकं पान तपासलं. तिथेही तसल्याच शेंगा!

“पण या झाडांवर तर ठिपकाच नाही! पान आलं कुठून? आपण खुडलेली पानं काका लांबच्या खड्ड्यात टाकतात ना?”

“टाकतो, असं म्हणतात,” लंबू म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लंबूने कचेरीतून कागदाला भोकं पाडायचा पंच आणला. संध्याकाळी जडावलेल्या हातांनी त्यांनी टोपलीतल्या पानापानाला भोक पाडलं आणि गुपचूप टोपली काकांना दिली.

सकाळी चांगल्या गुलाबांच्या बुंध्याशी भोक पाडलेली पानं पसरलेली!

“सापडलं!” भोंग्याच्या आवाजाने काका धावत आले.

“अरे, खत होतं त्याचं! शिवाय खड्डा केवढा लांब...”

“काका, हे खत नाही, रोग पेरणं झालं!” चष्मिसने त्यांना भिंगापाशी नेलं.

काका बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी फावडं उचललं. “चला. चूक माझी, पण पाठ सगळ्यांचीच मोडणार!”

आणि मोडलीच! बुंध्याखालचं पानन् पान गोळा करून खड्ड्यात पुरेपर्यंत दिवस मावळला.

सुट्टी संपत आली तेव्हा नव्या तांबूस पालवीवर एकही ठिपका नव्हता. मावशी एकेक पान उलटून बघत होती. तिचे डोळे भरून आले.

“मला कळलं नाही ते तुम्ही शोधलंत, पोरांनो! शाब्बास!”

चष्मिसने डोकं तिच्या खांद्यावर टाकलं.

“मावशी, उद्या उशिरा उठलं तर चालेल?”